डी-मार्टच्या पिशव्या मागच्या गेटनं का आणायच्या?

थेरगावातून एका ताईंचा प्रश्न आलाय. नवरा भोसरीत कंत्राटावर कामाला, घरात पाच माणसं, महिन्याला हातात २७,००० रुपये येतात, त्यातले ७,५०० भाड्याला जातात. एक तारखेनंतर डी-मार्टला जाऊन साडेसहा हजारांचा किराणा भरला की सात-आठशे रुपये वाचतात, असा त्यांचा हिशेब. पण बिल्डिंगखाली ज्या काकांचं किराणा दुकान आहे, त्यांनी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तीन महिने सामान नावावर मांडून दिलं होतं. त्यातले १,१४० रुपये अजून द्यायचे राहिलेत. आता डी-मार्टच्या पिशव्या घेऊन त्यांच्यासमोरून जायची लाज वाटते, म्हणून ताई मागच्या गेटनं येतात. धाकटे दीर कॉलेजात शिकतात. ते म्हणतात, "वहिनी, तुम्ही धनदांडग्यांची घरं भरताय." ताई विचारतात, मी चुकतेय का?

ताई, उत्तर देण्याआधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्यातलं किती घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पिंपरी-चिंचवडमध्ये मी सव्वीस वर्षं स्टॉकिस्ट होतो. साबण, टूथपेस्ट, चहा, बिस्किटं. कंपनीचा माल गोडाऊनला उतरवायचा आणि टेम्पोनं साडेतीनशे-चारशे दुकानांना पोचवायचा. मॉल आले तशी माझी उलाढाल बसत गेली आणि २०१८ ला मी एजन्सी सोडली. म्हणजे मॉलवर दात ओठ खाणाऱ्यांत खरं तर मी पहिला असायला हवा. तरीही सांगतो, डी-मार्टला जाण्यात तुमचं काही चुकत नाही. मागच्या गेटबद्दल नंतर बोलू.

तुमचे ते सात-आठशे रुपये येतात कुठून, हे आधी बघा. १०० रुपये एमआरपीचा माल घ्या. माझ्या काळात त्यात दुकानदाराला मालाप्रमाणे आठ ते बारा रुपये सुटायचे आणि मला चार-साडेचार. माझ्या साडेचारातून टेम्पोचं डिझेल, गोडाऊनचं भाडं, सेल्समनचा पगार आणि उंदरांनी कुरतडलेली बिस्किटं. मॉल कंपनीकडून थेट माल घेतो, म्हणजे माझे साडेचार गेले. वर ट्रकच्या ट्रक उचलतो म्हणून त्याला स्कीम जास्त मिळते. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ साली पवईत निघालं, तेव्हापासून त्यांचा धंदा एकाच गोष्टीवर उभा आहे, खर्च कमी ठेवा. जागा शक्यतो भाड्यानं न घेता विकत घ्यायची, सजावटीवर पैसा घालायचा नाही, पुरवठादाराला काही दिवसांत पैसे द्यायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. शंभराच्या विक्रीमागे त्यांना साधारण पंधरा रुपये ढोबळ नफा राहतो. त्यात वावगं काय आहे? तुमची बचत बरीचशी माझ्यासारख्या मधल्या माणसाच्या खिशातून आली. मला वाईट वाटलं, पण तुमच्या पोरांच्या दुधापेक्षा माझा टेम्पो मोठा, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

आता भाऊजींचा मुद्दा. त्यांना एक विचारा. काकांच्या गोणीतली तूरडाळ आणि मॉलच्या पाकिटातली तूरडाळ, दोन्ही लातूरच्या बाजारातून आली असेल, तर कुठल्या गल्ल्यावर पैसे दिल्यानं शेतकऱ्याला किलोमागे चार आणे जास्त मिळतात? कुठल्याच नाही. साखरेचं तेच. बीडहून ऊसतोडीला कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याला टनावर मजुरी मिळते. ती साखर पुढे गोणीत गेली की चकचकीत पाकिटात, त्यांना पत्ताही नसतो. दुकान बदलून हे अन्याय हलत नाहीत. हमीभाव, मुकादमाची उचल, कारखान्यांची गणितं हे सगळं वेगळ्या ठिकाणी ठरतं. भाऊजींनी तिथे जरूर आवाज उठवावा, पण वहिनीच्या पिशवीपाशी नको.

कामगारांचं म्हणाल, तर मॉलच्या काउंटरवरची मुलगी तासन् तास उभी असते, हे खरंच आहे. केरळनं २०१८ मध्ये आणि तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानात काम करणाऱ्यांना बसायला मिळालंच पाहिजे असं कायद्यात घातलं. त्यासाठी कायदा करावा लागला, यावरून ओळखा. पण किराणा दुकानात सकाळी सहाला शटर उघडणारा आणि रात्री अकराला माळ्यावर झोपणारा पोरगा कुणाला दिसतो? महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला, तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असलेली दुकानं त्याच्या बहुतेक तरतुदींतून बाहेर पडली. आणि माझंच सांगतो. माझ्या गोडाऊनला सहा पोरं होती. वीसच्या आत माणसं म्हणून पीएफ लागू नव्हता, आणि लागू नाही म्हणून मी भरला नाही. छोटा म्हणजे सज्जन, हे मी तरी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मग काकांचं तुम्ही काहीच लागत नाही का? लागता. पण ते देणं नेमकं कशाचं, हे कळायला उधारी चालते कशी ते माहीत हवं. बाहेरच्यांना ते सहसा माहीत नसतं.

कंपनी माझ्याकडून पैसे आधी घ्यायची. खात्यात रक्कम दिसल्याशिवाय गाडी भरायची नाही. मी दुकानदाराला सात दिवस द्यायचो, फार ओळख असेल तर पंधरा. आणि दुकानदार गिऱ्हाइकाला महिना द्यायचा, कधी दोन. बघा, वरपासून खालपर्यंत मुदत वाढत जाते आणि पैसा कमी होत जातो. सगळ्यात शेवटी वही घेऊन काका बसलेत, आणि सगळ्यात जास्त मुदत त्यांनाच द्यायचीय. सात दिवसांनी माझा माणूस वसुलीला दारात येणार आणि गिऱ्हाइकाचा पगार तर दहा तारखेला. मधले दिवस काका निभावतात कसे? रोखीच्या गिऱ्हाइकांवर. समोरच्या बंगल्यातले मास्तर, बँकेतल्या बाई, दूध-पावाला येणारी पोरं, हे जे नोटा टाकून जातात, त्यांच्या गल्ल्यावर उधारीची वही तरते.

मार्च २०२० नंतर तुम्हाला तीन महिने जे सामान मिळालं, ते काकांच्या मनाच्या मोठेपणातून मिळालं, हे तर आहेच. पण ते देणं त्यांना शक्य झालं, कारण त्याच बिल्डिंगमध्ये कुणीतरी तेव्हा रोख देत होतं. तेव्हा धंद्यातून मी बाहेर होतो, तरी रोज दहा दुकानदारांचे फोन यायचे. ज्यांच्याकडे रोखीची गिऱ्हाइकं होती त्यांनी पोलिसांचा पास काढून माल आणला, उधारी दिली आणि ते टिकले. ज्यांची सगळी वहीच होती, त्यातल्या दोघांनी मे महिन्यात शटर ओढलं ते परत वर केलंच नाही.

इथे मला मॉलची खरी अडचण दिसते. मॉल रोखीची गिऱ्हाइकं घेऊन जातो आणि वही काकांकडे ठेवून जातो. ज्याच्या हातात एक तारखेला एकरकमी पाच-सहा हजार असतात, तोच डी-मार्टला जाऊ शकतो. तुमच्या शेजारच्या गल्लीत बिगारी काम करणारी बाई रोजचे पैसे रोज आणते. ती दहा रुपयांचं तेल, पाव किलो तांदूळ, पाच रुपयांची चहाची पुडी घेते. किलोच्या हिशेबानं ती बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा महाग खाते, आणि तिला मॉलचा उपयोग शून्य. तिला काका लागतात. आणि काकांना टिकायला तुमच्यासारखी रोख देणारी गिऱ्हाइकं लागतात.

म्हणून माझं म्हणणं असं: सगळा किराणा काकांकडून घ्यायची काही गरज नाही. पण साडेसहा हजारांतले पंधराशे ते अठराशे दर महिन्याला रोख, न चुकता, त्यांच्याकडे जाऊ द्या. महिनाभर थोडे थोडे गेले तर आणखी चांगलं. त्यात तुमचं फारसं जाणार नाही, कारण काही वस्तू काकांकडे मॉलइतक्याच पडतात आणि काही तर स्वस्त पडतात.

उदाहरणार्थ शाम्पू. एक रुपयाच्या पुडीवर बारीक अक्षरात पाच-सहा मिली लिहिलेलं असतं. म्हणजे मिलीला सतरा ते वीस पैसे. तोच ब्रँड मोठ्या बाटलीत, मॉलच्या सवलतीतसुद्धा, बहुतेक वेळा मिलीला याहून महाग पडतो. आम्ही धंद्यातले लोक घरी पुड्यांची माळच लावायचो. बायको म्हणायची, एजन्सीवाल्याच्या न्हाणीघरात पुड्या! (प्लास्टिकचा कचरा जास्त होतो हे मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.) पाच आणि दहा रुपयांची बिस्किटं, काडेपेटी, छोटी पाकिटं यांच्यावर मॉलमध्ये फार काही सुटत नाही. सुटे पोहे, रवा, शेंगदाणे काकांकडे हातात घेऊन बघता येतात, पाव किलो मिळतात, आणि जाळी लागलेले निघाले तर परत होतात. दूध, दही, पाव, अंडी तर खालूनच घ्यायची. त्याला रिक्षा करून कोण जातं?

मॉलमध्ये खरा फायदा होतो तो तेल, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, टूथपेस्टचे मोठे पॅक आणि पाच-दहा किलोच्या पिठा-तांदळात. ते तिथूनच घ्या, आणि बिनधास्त घ्या. फक्त तेलाची पिशवी उलटी करून बघा. लिटरची पिशवी म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. हल्ली ८५०, ८००, अगदी ७५० ग्रॅमच्या पिशव्याही दिसायला त्याच आकाराच्या येतात. वरचा आकडा लहान म्हणून हात जातो आणि घरी आल्यावर महिना पंचवीस तारखेलाच संपतो. पाकिटावर हल्ली ग्रॅमला किंवा मिलीला किती पडलं तेही छापतात, एमआरपीच्या आसपासच असतं. तो दर एमआरपीवरचा आहे, सवलत धरून किती पडलं ते आपणच काढायचं. पण दोन पिशव्या ताडून बघायला तेवढं पुरतं.

आणि एमआरपीवरची सूट बघून हुरळून जाऊ नका. एमआरपी छापणारा कारखानदारच असतो. नावाजलेल्या साबणावर ती खोटी छापता येत नाही, कारण तोच साबण दहा दुकानांत असतो. पण सुकामेवा, डबे, तवे, चादरी यांवर ३९९ छापायचं आणि १७९ ला विकायचं, हे आमच्या डोळ्यांदेखत चालायचं. १७९ हीच त्या वस्तूची किंमत असते. दोनशेवीस रुपये वाचले असं आपल्याला वाटतं, खरं तर आपण एकशे एकोणऐंशी घालवलेले असतात.

म्हणून तुमचे सात-आठशे मला थोडे तपासून हवेत. मागच्या दोन महिन्यांची बिलं काढा. घरातून नेलेल्या यादीत जे नव्हतं, त्याच्यावर पेनानं रेघ मारा. प्लास्टिकचा डबा, मुलांचं क्रीमचं बिस्किट, 'दोनवर एक' म्हणून घेतलेला सॉस. त्यांची बेरीज आणि येण्या-जाण्याची रिक्षा वजा करा. माझ्या मेहुणीनं हा उद्योग केला तेव्हा तिचे नऊशे वाचत होते ते साडेतीनशेवर आले. तुमचे कदाचित पूर्ण सातशे निघतील, तुम्ही माझ्या मेहुणीपेक्षा काटकसरी वाटता. पण जो आकडा निघेल तो धरून बोलू. लाज आणि बचत, दोन्ही अंदाजानं मोजल्या की फुगतात.

काका भोळे आहेत असंही समजू नका. दिवाळीच्या आधी डी-मार्टच्या रांगेत मी आमचेच दुकानदार पाहिलेत, दोन-दोन ट्रॉल्या भरून. एकदा एक जण मला बघून शाम्पूच्या खोक्यामागे तोंड लपवत होता. मी म्हटलं, अहो शेठ, लपता कशाला, माझ्या बिलापेक्षा इथे स्वस्त मिळतंय हे मला माहीत नाही का? हसला बिचारा. ही थट्टा नव्हे. कंपन्या मोठ्या खरेदीदारांना ज्या भावात देतात, तो भाव स्टॉकिस्टला मिळत नाही, यावरून वितरकांच्या देशभरच्या महासंघानं २०२१ च्या डिसेंबरात कंपन्यांना पत्रं लिहिली आणि १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात कोलगेटचा काही माल वाटायचा नाही असं ठरवलं. पुढे बोलणी होऊन ते मिटलं. मुद्दा असा की भावातली दरी कंपनीच्या बिलावर पडते. तुम्ही ती पाडली नाही, आणि सहा हजारांच्या किराण्यानं ती बुजवणारही नाही. बुजवायची ताकद असलीच तर ती संघटनेत आहे.

तशी संघटना आपल्याकडे गिऱ्हाइकांनीही करून पाहिलीय. मुंबईच्या गिरणगावात, नायगावला, १९४८ साली कामगारांनी उभं केलेलं सहकारी भांडार म्हणजे पुढचं अपना बाजार. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, सगळ्यांची महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल एकदम आणून आपापसांत वाटून घ्यायचा. वाटायचं काम सभासदांनी स्वतः करायचं. मॉलचं तंत्र तेच, नफा मात्र कुणा एकाचा नाही. तुमच्या बिल्डिंगमध्ये आठ-दहा घरं तयार असतील तर तांदूळ, गहू आणि तेल वर्षातून दोनदा मार्केट यार्डातून एकत्र आणून बघा. भाऊजींना हिशेबाला बसवा. पोरगं हुशार दिसतंय आणि त्याला कामही मिळेल.

हा प्रश्न तुमच्याकडूनच का आला, याचंही मला जरा नवल वाटलं. सव्वा लाख पगार असलेला आणि दहा मिनिटांत कोथिंबीर घरी मागवणारा माणूस मला कधी असं विचारायला आला नाही. त्याच्या पंधराशे रुपयांनी त्याच्या घरात काहीच हललं नसतं, काकांच्या गल्ल्यात मात्र हललं असतं. तुमच्याकडे ते सातशे म्हणजे मुलाच्या वह्या आहेत. तुमच्यावर थोडं येतं, त्याच्यावर बरंच.

आता मागचं गेट. दुकानदाराला कोण मॉलला जातं ते माहीत असतं, ताई. कसं, सांगू? तुमच्या यादीवरून. ज्या घरात दर महिन्याला पाच लिटर तेल जायचं, तिथून फक्त मीठ, हिंग आणि अगरबत्ती मागायला लागले, की तो समजतो. मी शेकडो दुकानांत उभा राहिलोय, गिऱ्हाईक मॉलला जातं याचा राग मी क्वचितच ऐकला. राग ऐकला तो दुसऱ्याच गोष्टीचा. "रोख तिकडे, उधार इकडे." महिन्याची नोट मॉलला आणि पंचवीस तारखेनंतर 'काका, मांडून ठेवा' त्यांच्याकडे. हे होत असेल तर मात्र चूक आहे, आणि ती तुम्हाला आतून कळत असणार, म्हणूनच गेट बदललं असेल. होत नसेल तर पुढून या.

आधी त्या १,१४० रुपयांचं बघा. एकदम जमत नसेल तर पाचशे, पाचशे आणि एकशेचाळीस, तीन महिन्यांत. वहीवर स्वतःसमोर रेघ मारून घ्या. वहीतलं जुनं नाव दुकानदार पुसत नाही. मागायलाही संकोचतो, त्यातून लॉकडाऊनच्या उधारीला तर हमखास. इतकी वर्षं त्या पानाला त्यानं हात लावला नसेल. पैसे देताना सरळ सांगा: काका, तेल-पावडर मी डी-मार्टमधून आणते, परवडत नाही हो, बाकीचं तुमच्याकडून नेईन, रोख. बहुतेक काका म्हणतील, "अहो, आमची मंडळीही तिकडूनच आणते." नाही म्हणाले आणि तोंड वाकडं केलं, तर दोन दिवस करू द्या.

आणि जाल तेव्हा मंगळवारी-बुधवारी दुपारी जा, पोटभर जेवून, मुलांना घरी ठेवून. रविवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि रांगेत उभं राहून राहून माणूस काउंटरजवळची चॉकलेटं उचलतो. ती तिथे उगाच ठेवलेली नसतात.